उभी पाथ

लीलाबाईला ताप आहे हे टोळीतल्या सगळ्या बायांना माहीत होतं, आणि म्हणूनच तो कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी, ठेक्याने घेतली की वावर एक, टोळी एक आणि मजुरीही सगळ्यांची एकत्र. प्रत्येकीने आपली पाथ धरायची, म्हणजे तीन-चार तासांची, पेरलेल्या ओळींची पट्टी, आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, या बांधापासून त्या बांधापर्यंत, कापत न्यायची. शेवटची पाथ उभी आहे तोवर मालक वावर झालं म्हणत नाही. त्यामुळे एखादी मागे पडली की शेजारची वाकल्या वाकल्या तिची चार झाडं ओढून कापते. याला हात लावणं म्हणतात. त्याचं कोणी नाव घेत नाही, उपकार मानत नाही. आज तुझी कंबर, उद्या माझी.

लीलाबाई थंडीने कुडकुडत होती तेव्हा टोळीची मुकादमीण आनंदाबाई बायांना म्हणाली, "हात लावा व तिच्या पाथीले. मागं पडली तं महादेवराव बोंबलन." आणि बायांनी हात लावला. डावीकडची एक तास कापायची, उजवीकडची एक. लीलाबाई मधली दोन तासं रेटत न्यायची आणि सगळ्यांबरोबर धुऱ्याला लागायची. मोटारसायकलवर बसलेल्या मालकाला, महादेवरावांना, सगळ्या पाथी सरळ दिसायच्या. घरी तिच्या नवऱ्याला, नत्थूला, बायको रोज कामावर जाताना दिसायची. मग ताप असून असून कितीसा असणार!

आशा म्हणून काम करणारी काजल तिच्या घरी जाऊन आली होती. गिरडच्या डोंगराकडच्या गावांत दर वर्षी पिकं कापायच्या दिवसांत हा ताप येतो, गवतातला बारीक किडा चावतो आणि चावल्या जागी काळी खपली धरते, हे तिला माहीत होतं. तिने विचारलं, "काकू, आंगावर कुठं काळा डाग दिसते का?"

ओसरीत नत्थूचा मोठा भाऊ बसला होता. लीलाबाई पदर ओढून म्हणाली, "नाई व, काई नाई."

"तरी दवाखान्यात चाला."

"वावर होऊ दे. येतो मंग."

डाग होता. परकराची नाडी जिथे बांधतात तिथे होता. तो दिसला हिंगणघाटच्या डॉक्टरला, नाडी सोडल्यावर, आणि तोवर बघण्याला काही अर्थ उरला नव्हता. मंगळवारी सकाळी लीलाबाईला धाप लागली. काजलने आरोग्य केंद्राच्या गाडीसाठी फोनवर फोन केले. गाडी नाही, एवढंच उत्तर. शेवटी महादेवरावांच्या पिकअपमध्ये सोयाबीनच्या पोत्यांवर गोधडी टाकून तिला निजवलं. वेणा नदीचा पूल यायच्या आधीच नत्थूने हाक मारली, "लीले," आणि ती बोलली नाही.

*

आनंदाबाईची सून हर्षा ही त्या भागातल्या वीसेक आशांवर देखरेख करणारी गटप्रवर्तक. म्हणजे काजलची वरिष्ठ. वरिष्ठ म्हटलं की डोळ्यांसमोर खुर्ची येते; हर्षाकडे एक स्कूटी होती आणि अकरा महिन्यांचा करार होता. नवरा अश्वजित हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कामाला, आणि जिनिंग दिवाळीनंतर सुरू होणार. मुलगी अंकिता तालुक्याच्या कॉलेजात. घर सध्या हर्षाच्या मानधनावर आणि सासूच्या विळ्यावर चाललं होतं.

लीलाबाईची राख सावडून झाली त्याच आठवड्यात निरोप आला. सर्व पर्यवेक्षकांसाठी नेतृत्वविकास आणि संघबांधणीचं निवासी प्रशिक्षण, बोरगाव मेघेच्या एका मंगल कार्यालयात. गैरहजर राहता येणार नाही.

"कायचं प्रशिक्षण?" आनंदाबाईने विचारलं. ती विळ्याला कानस मारत बसली होती.

"टीम कशी बांधावी, ते शिकवते."

"टीम म्हंजे आमची टोळीच ना व?"

"तशीच."

"मंग आमाले इचाराचं होतं," आनंदाबाई म्हणाली, पण हसली नाही. मंगळवारपासून ती हसतच नव्हती. "पुढल्या रविवारी येजो वावरात. एक बाई कमी आहे."

पुण्याहून आलेले प्रशिक्षक फार प्रेमळ होते. हे म्हणायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना कोणाचं वाईट करायचं नव्हतं. ते सगळ्यांना लीडर म्हणायचे. पन्नाशीच्या आरोग्य सहायिकांना त्यांनी कागदी पेल्यांचे मनोरे रचायला लावले, डोळ्यांना रुमाल बांधून एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लावलं. बाया आधी लाजल्या, मग खिदळल्या. हर्षाच्या गटाचा मनोरा सगळ्यांत उंच झाला. बक्षीस म्हणून चॉकलेट मिळालं, ते तिने अंकितासाठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

मुक्कामाच्या खोलीत जमिनीवर नव्या गाद्या अंथरल्या होत्या. आरोग्य केंद्राचा ड्रायव्हर दारात पाण्याची कॅन ठेवायला आला. ओळखीचा माणूस. म्हणाला, "आरामात झोपा ताई. नव्या आहेत. मीच आणल्या मंगळवारी."

"कायच्यात आणल्या?"

"आपल्याच गाडीत. गाद्या, माइकचे डबे, बॅनर. तीन चकरा झाल्या."

"मंगळवारी सकाळी?"

ड्रायव्हरने कॅन खाली ठेवली. त्यालाही तेव्हाच उमगलं असावं, किंवा आधीच उमगलेलं असावं. "सायबानं सांगतलं होतं ताई," एवढं बोलून तो गेला.

हर्षा गादीवर बसली नाही. भिंतीला टेकून बसली. पण दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, आणि गादी मऊ होती. ती आडवी झाली, आणि तिला गाढ झोप लागली. पुढे कितीतरी दिवस तिला दुसऱ्या कशापेक्षा याचीच जास्त शरम वाटत राहिली.

शेवटच्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलाशी तालुक्याचे साहेब, म्हणजे तिथले आरोग्य अधिकारी, तिच्याजवळ आले. "हर्षाताई, त्या तापाच्या केसबद्दल वरून विचारणा आहे. आशेचा निष्काळजीपणा म्हणून अहवाल द्या. म्हणजे विषय संपेल."

"साहेब, काजलनं तिला दवाखान्यात चला म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. पण नेलं नाही ना!" साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं, तेव्हा त्यांनी कप तसाच ठेवून दिला आणि दुसरा घेतला.

दुपारी शेवटचा खेळ होता. सगळ्यांनी गोल करून बसायचं. प्रशिक्षकांच्या हातात लाल लोकरीचा गुंडा. "खरा लीडर यश वाटून देतो," ते म्हणाले, "आणि अपयश स्वतःच्या अंगावर घेतो. ज्याच्याकडे गुंडा येईल त्याने टीमचं एक अपयश सांगायचं आणि शेवटी दोनच शब्द म्हणायचे. चूक माझी."

गुंडा फिरू लागला. अहवाल उशिरा गेला, चूक माझी. लसीकरणाच्या दिवशी बॅनर लागलं नाही, चूक माझी. टाळ्या पडत होत्या. साहेब समोरच्या खुर्चीवर बसले होते. गुंडा हर्षाच्या मांडीवर येऊन पडला.

तिने काही ठरवलं नव्हतं असं नाही. सकाळपासून तिच्या मनात काजल घोळत होती. चोवीस-पंचविशीची पोर, नवरा सोडून गेलेला, हाताशी हे एकच काम. हर्षाला वाटलं, इथे सगळ्यांसमोर आपण ओझं उचललं तर साहेबालाही लाज वाटेल. तोही म्हणेल, गाडी मी पाठवली होती. खेळाचा नियमच तसा होता. नियम साहेबाला लागू नसतो, एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

"आमच्या गावची लीलाबाई तापानं गेली," ती म्हणाली. "काजलची नाही. चूक माझी."

प्रशिक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती साहेबांनी.

कोणीतरी मोबाइलवर सगळं टिपत होतं. प्रशिक्षणाच्या आठवणी म्हणून ते सगळ्यांना पाठवलं गेलं, आणि हर्षा हिंगणघाटला एसटीतून उतरायच्या आत ते तिच्या गावात पोचलं.

*

"तुले कोणं सांगतलं होतं?" अश्वजित दारातच म्हणाला. "काऊन म्हटलं तुनं असं?"

"खेळ होता तो."

"गावाले खेळ दिसते का त्यात? गाव म्हणते, पाहा, हर्षाबाईनं कबूल केलं." तो ओट्यावर बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "मी तुले बोल लावत नाई. पण घरात आता तुह्याच कामाचा आधार आहे. वापस घे बाप्पा ते."

चुलीजवळ बसलेल्या आनंदाबाईने मान वर केली नाही. "तुही कायची चूक व? हात लावा म्हणून म्याच सांगतलं बायांले. लीला मागं पडली असती तं दिसली असती. चार जणी म्हणल्या असत्या, हिले घरी पाठवा. म्या तिले मागं पडूच देल्लं नाई." तिने जळतं लाकूड पुढे सारलं. "पण मले कोणी चौकशीले बलावत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थू आला. हर्षा अंगण झाडत होती. तिने खराटा हातात घट्ट धरला, कारण तो भांडायला आला असंच तिला वाटलं. तो अंगणाच्या कडेला उकिडवा बसला. खिशातून मोबाइल काढला आणि तोच तुकडा तिला दाखवला, जसा काही तिने पाहिला नव्हता.

"हे तुमी म्हटलं ना बाई?"

"हो भाऊ."

"मले भांडाचं नाई." त्याने मोबाइल शर्टाला पुसला. "लीलाचा बाप म्हणते, नत्थ्या, तुनं तापात वावरात धाडली, तुनं मारली माही पोरगी. डॉक्टर म्हणते उशीर केला. सायेब म्हणते गाडी दुरुस्तीले होती. जो तो माह्याकडं बोट दाखवते. तुमी एकल्याच म्हणल्या का चूक आमची आहे. मी हे सासऱ्याले दाखवलं. त्यानं पाह्यलं न् रडला. काल पह्यल्यांदा माह्या घरी पाणी पेला तो."

हर्षाला खराटा कुठे ठेवावा कळेना.

"चौकशीत असंच सांगजा बाई. बस. मले बाकी काई नाई पाह्यजे." तो उठला आणि जाता जाता त्याने तिला हात जोडले. कोणी हात जोडल्यावर इतकं वाईट वाटू शकतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी साहेबांचा फोन आला.

"हर्षाताई, भावनेच्या भरात बोललात. होतं असं. पण आता दोनच रस्ते आहेत. ते खरं होतं म्हणाल तर तुमचा करार मला पुढे वाढवता येणार नाही. प्रशिक्षणातला खेळ होता म्हणाल तर तुमचा प्रश्नच मिटला. आशेचं मग आम्ही बघून घेऊ."

"आणि गाडी, साहेब?"

"गाडी दुरुस्तीला होती."

"मी त्या गाद्यांवर झोपले, साहेब."

मग साहेब शांतपणे म्हणाले, "हे तुम्ही चौकशीत म्हणणार आहात का?"

तिला हो म्हणायचं होतं. आतल्या खोलीत अंकिता मोठ्याने काहीतरी पाठ करत होती, ओट्यावर अश्वजित बिनकामाचा बसून नखं कापत होता. हर्षा काही बोलली नाही. साहेबांनाही तेवढंच हवं होतं.

*

चौकशी ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तालुक्याचे साहेब आणि लिहून घ्यायला एक बाबू. ज्याने गाडी पाठवली त्यानेच गाडी का नव्हती याची चौकशी करायची, हे कोणाला खटकलंही नाही. नत्थू धुतलेला शर्ट घालून आला होता. खुर्ची रिकामी असूनही तो भिंतीशी खाली बसला. शेजारी त्याचा म्हातारा सासरा. काजल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने हर्षाकडे पाहिलं. त्या पाहण्यात काळजी नव्हती, भरवसा होता. मोबाइलवरचं ते वाक्य तिनेही ऐकलं होतं. काजलची नाही, एवढे शब्द तिने कितीदा ऐकले असतील कोण जाणे.

"हर्षाताई," साहेबांनी सुरुवात केली, "प्रशिक्षणात तुम्ही जे बोललात ते खरं होतं, की तो प्रशिक्षणाचा भाग होता?"

पंखा आवाज करत फिरत होता. हर्षाने टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथला सनमायका उचकटला होता.

"भाग होता."

"म्हणजे?"

"खेळ होता, साहेब. सगळ्यांनीच तसं म्हणायचं होतं."

"म्हणजे तुमची चूक नव्हती."

"नव्हती."

"मग कोणाची?"

हे तिला आधी सांगितलं नव्हतं. खेळ होता एवढं म्हणून सुटता येईल असं ती धरून चालली होती. बाबू पेन धरून थांबला. दाराकडे न बघता हर्षा म्हणाली, "आशेनं पेशंटला वेळेवर पाठवायला पाहिजे होतं."

काजलने चौकट सोडली नाही. फक्त तिची नजर हर्षावरून निघून खिडकीबाहेर गेली.

नत्थूला समजायला थोडा वेळ लागला. मग तो बसल्या जागेवरून म्हणाला, "बाई, माह्या बायकोच्या नावानं खेळले तुमी?"

"तसं नाई भाऊ."

"मंग कसं?"

साहेब म्हणाले, "तुम्हाला बोलायची वेळ मिळेल, थांबा." पण नत्थूला बोलायचं नव्हतं. सासऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं, टोपी उचलली आणि बाहेर निघून गेला. नत्थूने मोबाइल काढला. चष्म्याशिवाय त्याला नीट दिसत नव्हतं. तो इकडे तिकडे बघू लागला, आणि शेवटी दारातल्या काजलजवळ गेला.

"पोरी, हे मिटवून दे. मले येत नाई."

काजलने मोबाइल घेतला. अंगठ्याने एकदा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. "मिटलं काका," ती म्हणाली, आणि तो त्याच्या हातात परत दिला.

*

रविवारी हर्षा वावरात गेली. घरून कोणी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. आनंदाबाई विळा कमरेला खोचून पुढे निघाली, ही मागून. महादेवरावांचं शेवटचं वावर उरलं होतं. सोयाबीन वाळून कडक झालं होतं, हात लावला की शेंगा टोचायच्या. ढग भरत होते आणि महादेवराव धुऱ्यावर मोटारसायकल लावून सारखे वर बघत होते.

टोळीत काजल होती. तिला कामावरून कमी केल्याचं आदल्या दिवशीच कळवलं होतं. तिने डोक्याला रुमाल बांधला होता, आणि आशांना मिळालेल्या गुलाबी साडीवर जुना पुरुषी शर्ट चढवला होता.

लीलाबाईची जागा मोकळी होती, ती पाथ हर्षाने धरली. बाया वाकल्या. विळ्यांचा खसखस आवाज सुरू झाला. हर्षाला सवय नव्हती असं नाही, लग्न होऊन आली तेव्हा दोन वर्षं ती या कामात होती. पण हात आता स्कूटीचे झाले होते. थोड्याच वेळात तिच्या तळहाताची कातडी सोलवटली. बाया पुढे गेल्या. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एरवी एव्हाना कोणाचा तरी विळा तिच्या पाथीत शिरला असता.

कोणी हात लावला नाही.

तोंडाने मात्र कोणी काही वाकडं बोललं नाही. पाणी मागितलं तर बाटली दिली. पण डावीकडची बाई आपल्या तासाच्या काठाने अशी कापत गेली, की हर्षाचं एक झाडही तिच्या मुठीत येऊ नये. आनंदाबाई सगळ्यांत पुढे होती. ती एकदा थांबली, कमरेवर हात ठेवून मागे वळली, सुनेची पाथ किती मागे आहे ते तिने पाहिलं. मग ती पुन्हा वाकली. टोळीची मुकादमीण ती. एकदा हात लावायला सांगून तिने काय करून ठेवलं होतं ते तिला रोज आठवत होतं.

बाया धुऱ्याला लागल्या. बाभळीखाली बसल्या, डबे सोडले. कापलेल्या वावराच्या मधोमध हर्षाची एकच पाथ उभी राहिली, पिवळी, लांबच लांब. ती माणूस लपेल एवढी उंच नव्हती; मधे वाकलेली हर्षा सगळ्यांना दिसत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात रिकामा नसल्याने ते पुसता येत नव्हतं. लीलाबाई इथेच, अशीच वाकली असेल, पण तिच्या दोन्ही बाजूंना विळे होते. ते असूनही ती गेली, आणि ते नसताना आपण जिवंत आहोत, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात येत होतं.

"आनंदाबाई, पाणी येऊन राह्यलं," महादेवराव ओरडले. "हे एवढं उभं ठेवता का?"

आनंदाबाईने भाकरी खाली ठेवली. पण तिच्या आधी काजल उठली. तिने हात झटकले, विळा घेतला आणि पाथीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाकली. तिचा हात चपळ होता. झाडं पडत गेली, दोघींमधलं अंतर कमी होत गेलं. हर्षाला तिचा श्वास ऐकू येऊ लागला, मग रुमालाखालचा चेहरा दिसला. इतकी वर्षं हाताखाली असलेली पोर. एवढं करूनही ही आली, असं तिला वाटलं, आणि ती म्हणाली, "काजल, बाई, मी..."

"सरका मॅडम," काजल म्हणाली. इतकी वर्षं ती ताई म्हणायची. तिने मुठीतली झाडं कापून बाजूला टाकली आणि पुढची धरली. "मी तुमच्यासाठी नाई आली. एकीची पाथ उभी राह्यली तं ठेका कोणाचाच सुटत नाई."

हर्षाने मान हलवली आणि हातातलं झाड कापलं. दोघी समोरासमोर कापत आल्या. शेवटी मध्ये एकच झाड राहिलं. ते काजलने कापलं, कंबर सरळ केली, आणि झालं म्हणून महादेवरावांना हात केला.